मागच्या खोलीचा फ्यूज

पहिलंच सांगून टाकते. नवऱ्याला मी जन्मभर 'अहो' म्हणत आले, अजूनही म्हणते. पण कागदावर म्हणणार नाही. इथं तो 'तो'च राहील. आणि माझी भाषाही जरा सांभाळून घ्या. शाळेत बाई म्हणून नोकरी केली, त्यामुळं लिहिताना शाळेचं मराठी येतं, पण राग आला की गल्लीचं येतं. ह्या गोष्टीत राग बराच आहे.

माझे आबा पेठ वडगावात वायरमन होते. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे आणि कुणाच्या घरची लाईट गेली की खाकी पिशवी घेऊन निघायचे. लग्न होईपर्यंत त्यांच्याबरोबर मी निम्मा गाव हिंडलेय. बायका म्हणायच्या, "अवो, पोरीची जात ती, शॉक बसला म्हंजे?" आबा म्हणायचे, "शॉकला पोरगा-पोरगी कळत न्हाय." आणि मला शिडीवर चढवायचे.

आबांनी शिकवलेलं एकच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. फ्यूज म्हणजे चिनी मातीचा पांढरा तुकडा आणि त्यात एक बारीक तार. घरात कुठं काही बिघडलं की ती तार वितळते, लाईट जाते आणि घर वाचतं. लोक काय करतात, जुनी तार उपसून फेकतात आणि नवी घालतात. ह्यावर आबा फार चिडायचे. "आधी मेलेली तार बघायची, पोरी. कशानं मेली ते ती सांगती. लोड जास्त झाला असंल तर मधेच वितळती आन् टोकाला मणी येतो. शॉर्ट झाला असंल तर फाडदिशी उडती, चिनी माती काळी करून जाती." मेलेली तार न बघता नवी घालणारा वायरमन त्यांच्या लेखी वायरमनच नव्हे.

एवढं ज्ञान पदरात घेऊन मी कोल्हापुरात नांदायला आले. एकोणीसशे सत्तर उजाडायच्या आधीची वर्षं. राजारामपुरीतल्या एका गल्लीत आमच्या भाड्याच्या खोल्या होत्या. पुढची खोली, मागची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. पुढं व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या भिंतीवर चांगला उंचावर मीटर आणि दोन फ्यूज. डावा पुढच्या खोलीचा, उजवा मागच्या खोलीचा आणि स्वयंपाकघराचा. घरात माणसं तीन. तो एका कचेरीत कारकून. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कमरेत वाकलेल्या आणि तोंडानं ताठ. तिसरी मी.

मी मुलींच्या एका शाळेत शिकवत होते, पण हंगामी. दरवर्षी मे महिना आला की मी दिवस मोजत बसायची, जूनमध्ये पुन्हा बोलावतील का नाही. एक दिवस शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "यंदा बी.ए. होऊन जा. जूनमध्ये एक जागा कायम होणार आहे. पास झालात तर ती तुमची." माझं शेवटचं वर्ष राहिलंच होतं, बाहेरून परीक्षा द्यायची होती, एप्रिलात. ती जागा मला पाहिजे होती. मे महिन्यातलं ते दिवस मोजणं मला पुन्हा नको होतं.

घरात विषय काढला. आत्याबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता न थांबवता म्हणाल्या, "बी.ए. होऊन काय भाकरी जास्त गोल येणार हाय का? मला न्हाय पसंत. मी बोलतो ते तोंडावर बोलतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी बोलतो, मी जातो' असंच म्हणतात. मला शाळेमुळं ती सवय मोडावी लागली होती.

तो मात्र लगेच म्हणाला, "शिक की. मी हाय की."

मी हाय की! काय बरं वाटलं होतं मला. गल्लीत कुणाच्या नवऱ्यानं असं म्हटलं होतं? आणि तो नुसता म्हणून थांबला नाही. कचेरीत सांगितलं, गल्लीत सांगितलं, संध्याकाळी दूध प्यायला कट्ट्यावर जायचा तिथं म्हशी पिळणाऱ्यालासुद्धा सांगितलं असेल, "आमची मंडळी बी.ए. करायलीया." शेजारणी माझा हेवा करायच्या. मीही मिरवलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी स्वयंपाक, दिवसभर शाळा, म्हणजे माझ्या वाट्याला उरली संध्याकाळ. सात ते नऊ मी मागच्या खोलीत बसायचं, भाकरीचं नऊनंतर बघायचं, असं ठरलं. दिवेलागणीला मी देवापुढं दिवा लावायची, मग खोलीतला बल्ब लावायची. बल्ब लागला की तो हात जोडायचा, आमच्यात तशी रीत आहे, आणि म्हणायचा, "बस आता अभ्यासाला."

संक्रांत झाली आणि मागच्या खोलीची लाईट जायला लागली.

पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. पुढच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "गेली काय गं लाईट?" मी म्हटलं, "गेली." तो बॅटरी घेऊन आला. "थांब, तू वर हात घालू नको. मी हाय की." उंच होता, स्टुलाशिवाय हात पोचायचा. मेन बंद करून फ्यूज काढला, त्यातली जुनी तार काढून टाकली, फडक्यानं चिनी माती स्वच्छ पुसली आणि माझ्या हातात दिला. नवी तार मी भरली, त्यानं बॅटरी धरली. बॅटरीच्या उजेडात त्याचा चेहरा बघून मला वाटलं, नशीब काढलं बाई आपण.

दोन दिवसांनी पुन्हा गेली. मग एक दिवसाआड. मग रोज. कधी एका संध्याकाळी दोनदा. त्याचं आपलं तेच, "गेली काय गं लाईट?", बॅटरी, फडकं, स्वच्छ पुसलेला फ्यूज माझ्या हातात. आणि वर काळजी. "सारखा फ्यूज जातोय म्हंजे कुठंतरी शॉर्ट हाय. तसंच लावून बसलीस आन् पेटलं म्हंजे? आधी फॉल्ट शोध. अभ्यास काय पळून जातोय का?"

मला ते पटलं. वायरमनची लेक ना मी! फॉल्ट असेल तर मी तो शोधणारच. होल्डर उघडला, ठीक. स्विच उघडला, आतली पितळी पट्टी घासून लख्ख केली. स्वयंपाकघरात धुरानं वायर चिकट झाली होती, ती हातभर कापून नवी घातली. छताजवळच्या लाकडी पट्टीवरून वायर गेली होती, तिच्या चिमट्या एकेक उचकटून उंदरांनी कुठं कुरतडलंय का बघितलं. आबांचा टेस्ट बल्ब, म्हणजे होल्डरला लावलेल्या दोन वायरी, तो घेऊन एक-एक तुकडा वेगळा करून तपासला. कुठंच काही नाही. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं, तो म्हणाला, "वैनी, तुमीच माझ्यापरास बरं बघितलंय."

पुस्तक उघडायच्या वेळी मी स्क्रू उघडत बसायची. संध्याकाळी गेल्या, रविवार गेले. फेब्रुवारी संपला तेव्हा चार विषयांतला एकच जरा हाताखालून गेला होता. मी त्याच्यापुढं रडले. त्यानं पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "नसंल जमत तर पुढच्या वर्षी बघू. कुणी फाशी देत न्हाय."

आता तुम्ही म्हणाल, बाई, मेलेली तार का नाही बघितलीस? तेच तर! दोन महिन्यांत एकदाही माझ्या हातात मेलेली तार आली नाही. तो ती काढून, पुसूनच द्यायचा. मला ते प्रेम वाटायचं. आबा तोवर वारले होते, असते तर थोबाडीत दिली असती.

मार्चमध्ये एका गुरुवारी लाईट गेली आणि त्याचा आवाज आला नाही. मी पुढं आले. आत्याबाई म्हणाल्या, "दोस्तानं हाक मारली रस्त्यावरनं, गेला दुधाला." मग मीच स्टूल घेतलं, मेन बंद केला, बॅटरी दातात धरली आणि उजवा फ्यूज ओढला.

चिनी माती पांढरीशुभ्र. काळा डाग नाही, मणी नाही, काही नाही. तार मधोमध तुटलेली, आणि दोन्ही टोकं छाटल्यासारखी साफ.

मी स्टुलावरच उभी राहिले. अशी तार मी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. ती वितळली नव्हती, उडाली नव्हती. कुणीतरी कापली होती. खाली व्हरांड्याच्या खिडकीत अडकित्ता पडला होता. आत्याबाईंचा.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. अडकित्ता उचलून तशीच आत गेले आणि म्हातारीच्या समोर आपटला. "पसंत न्हवतं तर न्हवतं, पण ह्ये काय, आत्याबाई? तार कापताय व्हय माझी? दोन महिने येड्यागत घर खणायला लावलं मला! लाज वाटत न्हाय?" सासूला असं बोलायचे ते दिवस नव्हते, पण मी बोलले. आणखीही बोलले, ते लिहीत नाही.

मेन बंद म्हणून आत्याबाईंनी कंदील लावला होता. त्यांनी अडकित्ता उचलला, कंदिलापुढं धरला, त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघितलं. "मी केलं म्हंतीस?"

"मग कोण करणार?"

"बरं," त्या म्हणाल्या आणि अडकित्ता चंचीत घातला. बाई तोंडाची एवढी तिखट, पण एक शब्द उलटून बोलली नाही. मला वाटलं, चोरी पकडल्यावर काय बोलणार?

तो दूध पिऊन आला. मी सगळं सांगितलं. तो आईकडं न बघता मला म्हणाला, "जाऊ दे गं. म्हातारी हाय. समजून घे." आणि आत्याबाईंनी ते ऐकलं. तिथंच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. आत्याबाईंना फळीवरचा गुळाचा डबा पाहिजे होता. टाचा उंचावून, फळीला धरून त्यांनी प्रयत्न केला, हात काही पोचेना. माझ्याशी बोलणं बंद, त्यामुळं मागताही येईना. मी उठून डबा काढून दिला. देताना माझाच हात थांबला. ती फळी माझ्या खांद्याला लागते. व्हरांड्यातले फ्यूज माझ्या डोक्याच्याही हातभर वर आहेत. मला स्टूल लागतं. ही बाई वाकलेली, स्टुलावर चढायचं तर बाजूलाच राहिलं, उंबरा ओलांडताना भिंत धरते.

मग घरात हात पोचणारं कोण राहिलं?

मनात आलं ते मी दिवसभर ढकलत होते. शाळेत वर्गावर लक्ष नव्हतं. म्हटलं, असं कसं असेल? तो बॅटरी धरतो. तो 'मी हाय की' म्हणतो. फॉल्ट असेल, वेगळाच कसलातरी असेल, आबांनाही माहीत नसलेला. देवा, फॉल्टच असू दे!

आबांची एक रीत होती. काहीच सापडेना तर वायरींची अदलाबदल करायची. फॉल्ट वायरीतला असेल तर तो वायरीबरोबर जातो, जागा बदलली तरी अंधार त्याच खोलीत पडतो. पण करणारा माणूस असेल तर त्याला वायर दिसत नाही, जागा तेवढी माहीत असते.

शुक्रवार-शनिवार लाईट गेली नाही. रविवारी दुपारी तो कुस्त्या बघायला गेला. मी मेन बंद केला आणि दोन्ही फ्यूजच्या खालच्या वायरी सोडवून उलट जोडल्या. आता डावा फ्यूज माझ्या खोलीचा झाला आणि उजवा पुढच्या खोलीचा. वरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं. आत्याबाई दारात बसून बघत होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, "काय करालीस?"

"फॉल्ट शोधतेय."

"गावंल," त्या म्हणाल्या.

सोमवारी दिवेलागण झाली. दिवा लावला, बल्ब लावला. त्यानं हात जोडले. "बस आता अभ्यासाला. आता काय न्हाय व्हायचं, मी हाय की." मी पुस्तक उघडलं आणि कान पुढं लावून बसले. पुढच्या खोलीतून ऐकू आलं, "आई, अडकित्ता दे जरा." मग व्हरांड्यात चपलांचा आवाज. फ्यूज ओढल्याचा खटका.

माझा बल्ब तसाच जळत राहिला. पुढची खोली काळीकुट्ट झाली.

मी दारात आले. माझ्या खोलीतला उजेड पुढच्या खोलीतून सरळ व्हरांड्यापर्यंत गेला होता आणि त्या उजेडात तो उभा होता. एका हातात फ्यूज, दुसऱ्या हातात अडकित्ता. मला बघितलं, आणि काय सवय असते बघा माणसाला, तोंडातून तेच आलं, "गेली काय गं लाईट?"

"न्हाई," मी म्हणाले. "माझी हाय."

आणि अंधारातून आत्याबाई बोलल्या, "अरे मुडद्या, बायकोची घालवायला गेलास आन् आमचीच घालवलीस की!"

म्हणजे त्यांना माहीत होतं. रोज अडकित्ता मागून नेणारा, सुपारी न खाणारा लेक, आणि धारेला पडलेल्या खाचा. माझ्या शिव्या त्यांनी लेकापायी गिळल्या. आणि त्यानं गिळू दिल्या. तार कापली ते एक वेळ सोसलं असतं मी, पण आईच्या नावावर खपवलं? 'म्हातारी हाय, समजून घे' म्हणाला! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी विचारलं, का? त्यानं अडकित्ता खिडकीत ठेवला. मग म्हणाला, "कचेरीत चेष्टा करत्यात. वैनी बी.ए. झाल्या की तू पोळ्या लाट म्हंत्यात." तो स्वतः बी.ए.च्या आधीच्या इंटरला दोनदा नापास झाला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लग्नात इंटर पास सांगितलं होतं. एवढ्यासाठी? चार टाळक्यांच्या चेष्टेपायी माझा दोन महिने छळ? आणि चेष्टा करायला त्यांना सांगितलं कुणी? ह्यानंच की!

परीक्षेला अठरा दिवस होते. मी बसले. तीन विषय सुटले, एक राहिला. जूनमध्ये ती जागा दुसरीला मिळाली. चांगली मुलगी होती बिचारी, तिचा काही दोष नाही. मी पुढच्या वर्षी बी.ए. झाले आणि सात वर्षं आणखी हंगामी राहिले. सात मे महिने. वायरी मी पुन्हा सुलट केल्या नाहीत, आणि बॅटरी त्याला पुन्हा कधी धरू दिली नाही.

ह्याला बरीच वर्षं झाली. पुढं मला त्याच शाळेची मोठी बाई केलं. शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला होता, नारळ, शाल, सगळं. आत्याबाईंना मी हट्टानं रिक्षातून आणलं होतं. ऐंशीच्या पुढं होत्या, कानानं ठार बहिऱ्या, पहिल्या रांगेत बसवलं. त्यालाही चार शब्द बोला म्हणून आग्रह झाला. तो उठला आणि म्हणाला, "त्या काळी बायकांना कोण शिकू देत होतं? आमच्याकडं सारखी लाईट जायची. ही फ्यूज घालायची आणि मी बॅटरी धरायचो. मी हिला म्हटलं, तू शिक, मी हाय की." टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले.

आत्याबाईंनी शेजारणीला विचारलं, काय म्हणाला? तिनं कानात ओरडून सांगितलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा हे कळत नाही. आत्याबाई साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा बोलल्या, "बॅटरी धरायचा व्हय! आन् तार कोण कापायचा?"

सगळे हसले. म्हातारी काहीतरी बरळली म्हणून हसले. तोही हसला, मान हलवून, समजून घ्या म्हटल्यासारखा.

पुढचं भाषण माझं होतं. दोन पानं लिहून आणली होती, शेवटच्या ओळीत त्याचे आभार होते, रीत म्हणून. मी ती पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाले, "माझ्या सासूबाईंनी मला शिक असं कधी म्हटलं नाही. जे काय म्हणायचं ते तोंडावर म्हणाल्या. एकदा मी त्यांना नको ते बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं. त्यांची माफी मागते आणि त्यांचे आभार मानते." आणि खाली बसले.

परत येताना रिक्षात आत्याबाई मधे होत्या, त्यांचा डोळा लागला होता. तो त्यांच्या डोक्यावरून मला म्हणाला, "माझं नाव घ्यायचं इसरलीस व्हय गं?"

"न्हाय," मी म्हणाले. "मी काय बी इसरलो न्हाय."